ज्ञानेंद्रिये, मेंदू आणि मुलांचे हात
मावळातील काही प्रयोगांच्या निमित्ताने

शालेय अभ्यासक्रमात मेंदू हा विषय बहुधा आकृतीच्या रूपाने येतो. मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा ही नावे बाणांच्या टोकाशी लिहिली, पंचज्ञानेंद्रियांचा तक्ता पाठ केला, की प्रकरण संपते. हृदयाचे ठोके मोजता येतात, फुप्फुसांची हालचाल छातीवर हात ठेवून जाणता येते. मेंदू मात्र हलत नाही, वाजत नाही, दुखतही नाही. ज्या इंद्रियाने मूल हा सर्व अभ्यास करीत असते, तेच त्याच्या दृष्टीने सर्वांत परके राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी हाताळता येतील अशी प्रदर्शने उभारण्याची कल्पना आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. लोणावळ्याजवळ पुणे-मुंबई रस्त्यावर मनशक्ती प्रयोगकेंद्राचे ‘माइंड जिम’ हे अशाच हेतूने उभे केलेले दालन आहे. चिंचवडचे विज्ञान केंद्र २०१३ पासून चालू आहे. आणि पुण्यातील ‘आयुका’च्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविण्याचे जे काम दीर्घकाळ केले, ते महाराष्ट्रातील शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. प्रस्तुत लेखात या संस्थांचे वर्णन करावयाचे नसून, मेंदू व ज्ञानेंद्रिये यांविषयीचे प्रदर्शन मुलास नेमके काय शिकविते आणि काय शिकवू शकत नाही, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरणे शक्य तो मावळातलीच घेतली आहेत. कारण हा प्रदेशच अशा प्रयोगांना विलक्षण अनुकूल आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्ञानेंद्रियांचे शिक्षण आणि ज्ञानेंद्रियांविषयीचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिलीची परंपरा आपल्याकडे जुनी व समृद्ध आहे. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, त्यापूर्वीच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धती येथील बालशिक्षणात आणली होती. पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साहित्याच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे घेऊन तिला या मातीतले रूप दिले. खडबडीत व गुळगुळीत, जड व हलके यांतील सूक्ष्म फरक ओळखणे, हा त्या साहित्याचा उद्देश. तेथे इंद्रिय हे साधन असते. येथे आपण ज्याचा विचार करीत आहोत त्या प्रदर्शनात इंद्रिय हेच अभ्यासाचा विषय बनते. मुलाने दगड पाहावयाचा नसतो. आपण दगड कसा पाहतो, हे पाहावयाचे असते. सात-आठ वर्षांच्या मुलास ही उलटी नजर सहज साधत नाही. दहा-अकराव्या वर्षी ती साधू लागते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे, आणि प्रस्तुत लेखकाचाही तोच आहे.

या दुसऱ्या प्रकारच्या प्रदर्शनाचा आधुनिक उगम अमेरिकेत व इंग्लंडमध्ये झाला. अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेले पदार्थवैज्ञानिक फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्स्प्लोरेटोरियम’ स्थापन केले, तेव्हा मानवी संवेदन हा त्यांनी संग्रहालयाचा मध्यवर्ती विषय ठरविला. त्यांच्या विचारांना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांचा आधार होता. ग्रेगरींचा ‘आय अँड ब्रेन’ हा ग्रंथ १९६६ चा. डोळा छायाचित्रे घेत नाही. तो मेंदूस तुटपुंजे पुरावे पुरवितो आणि मेंदू त्यांवरून बाहेरच्या जगाविषयी अनुमान बांधतो, हे त्यांचे प्रतिपादन होय. मराठी मानसशास्त्रात वेदन व संवेदन असा जो भेद केला जातो, तो येथे उपयोगी पडतो. इंद्रियावर उद्दीपकाचा आघात होऊन मज्जातंतूंतून जो आवेग निघतो ते वेदन. त्या आवेगास मेंदू जो अर्थ देतो ते संवेदन. एरवी ही दोन्ही इतकी एकजीव झालेली असतात की त्यांचा सांधा दिसत नाही. भ्रमाच्या क्षणी तो सांधा उघडा पडतो. म्हणून दृष्टिभ्रम हे अशा प्रदर्शनाचे मुख्य भांडवल.

परंतु नेमक्या याच ठिकाणी प्रदर्शने फसतात. भ्रम दाखविणे सोपे असते. मूल चकित होते, हसते, पुढच्या मेजाकडे धावते. घरी गेल्यावर त्याच्या मनात दोनच गोष्टी उरतात : डोळे फसवितात, आणि तेथे मोठी गंमत होती. त्यातील पहिली गोष्ट अर्धसत्य आहे आणि म्हणून घातक आहे. ‘आपली इंद्रिये खोटी’ एवढेच शिकलेले मूल, ‘मग मी सांगतो ते खरे मान’ असे म्हणणाऱ्या कोणाच्याही स्वाधीन होऊ शकते. भ्रमाला माप लागले की चित्र बदलते. मग भ्रम हा इंद्रियांचा दोष न राहता मेंदूच्या नियमित कार्याचा पुरावा ठरतो. आणि तो पुरावा गोळा करणारे साधन मुलाच्याच हाती असते.

अंधबिंदूचे उदाहरण घेऊ. एका कार्डावर आठ सेंटिमीटर अंतराने डावीकडे फुली व उजवीकडे ठिपका काढावा, डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे टक लावावी आणि कार्ड हळूहळू जवळ आणावे. सुमारे तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मारिओत यांनी सतराव्या शतकात शोधलेली ही गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती येथेच थांबते. वस्तुतः प्रयोग येथून सुरू व्हावयास हवा. ठिपक्याऐवजी पेन्सिलीचे टोक कोऱ्या कागदावर सावकाश सरकवावे. ते जेथे दिसेनासे होते व जेथे पुन्हा दिसते तेथे जोडीदाराने खुणा कराव्यात. आडवे अंतर सुमारे पावणेतीन सेंटिमीटर भरते. आता डोळ्याच्या भिंगापासून दृष्टिपटलापर्यंतचे परिणामी अंतर सतरा मिलिमीटर धरले, तर समरूप त्रिकोणांच्या साध्या त्रैराशिकाने दृष्टिपटलावरील त्या जागेची रुंदी दीड ते पावणेदोन मिलिमीटर येते. शरीरविच्छेदनाच्या ग्रंथांत दृक्-मज्जातंतू जेथून बाहेर पडतो त्या चकतीचे माप जवळजवळ एवढेच दिलेले असते. सातवीतील मुलाने पेन्सिल आणि पट्टी यांच्या साहाय्याने स्वतःच्या जिवंत डोळ्याच्या आतील भाग मोजला, असा याचा अर्थ होतो. आणि एवढे मोठे छिद्र, ज्याच्या रुंदीत आकाशातले पौर्णिमेचे दहा चंद्र एकाशेजारी एक मावतील, आपल्याला जन्मभर का जाणवत नाही, हा प्रश्न मग मूल आपण होऊन विचारते. उत्तराची पहिली पायरी त्याच कागदावर आहे : छिद्रातून आडवी रेघ जाऊ दिली तर ती अखंड दिसते. दुसरा डोळा उणीव भरतो हे खरे, परंतु येथे तर तो झाकलेला आहे. भर घालणारा मेंदूच.

कानाचा प्रयोग याहूनही स्वस्त आहे, आणि माझ्या मते त्याहून सुंदर. दीड-दोन मीटर लांबीची रबरी नळी घ्यावी. तिची दोन टोके मुलाने दोन्ही कानांच्या तोंडाशी नुसती धरावीत, आत खुपसू नयेत. नळीचा मध्य पाठीमागे येतो. तेथे जोडीदाराने पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. मध्याच्या उजवीकडे एक-दोन सेंटिमीटर सरकून टिचकी मारली तरी पुष्कळ मुले ‘उजवीकडे’ असे बिनचूक सांगतात. एक सेंटिमीटर सरकण्याने दोन बाजूंच्या मार्गांत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनी सेकंदास सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे मुलाच्या मेंदूने सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागाएवढा फरक ओळखला. फळ्यावर हा भागाकार करून झाला की वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही दिव्यांच्या फलकाने निर्माण होत नाही.

दिव्यांच्या फलकांचा उल्लेख निघालाच आहे, तर एका प्रदर्शनात पाहिलेला प्रसंग सांगतो. मेंदूची प्लास्टिकची मोठी प्रतिकृती होती आणि तिच्यासमोर स्मृती, वाचा, दृष्टी, क्रोध अशी नावे लिहिलेली बटणे. बटण दाबले की त्या त्या भागातील दिवा लागे. एका मुलीने दोन्ही तळहातांनी सगळी बटणे एकदम दाबली आणि सारा मेंदू उजळला. मार्गदर्शकाने तिला दटावले. शास्त्राच्या दृष्टीने तीच सत्याच्या अधिक जवळ होती. कारण स्मृती किंवा क्रोध यांना एकेक कोठडी नेमून दिलेली नाही, अनेक भागांच्या सहकार्याने ते व्यापार घडतात.

भागांचे स्थान मुळीच शिकवू नये असे मात्र नव्हे. स्पर्शाच्या बाबतीत ते हाताने शिकविता येते. १८३४ मध्ये वेबर यांनी कंपासच्या दोन टोकांनी केलेला प्रयोग केसांच्या आकड्याने सहज होतो. आकड्याची बोथट टोके त्वचेवर एकदम टेकवावयाची आणि डोळे मिटलेल्या मुलास ‘एक की दोन?’ असे विचारावयाचे. बोटाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही कळते. पाठीवर चाळीस मिलिमीटरच्या आसपास अंतर असले तरी एकच स्पर्श वाटतो. ही मापे घेऊन मुलांनी मातीचा माणूस करावा : जेथे अंतर लहान तो अवयव मोठा, जेथे अंतर मोठे तो अवयव लहान. ओठ, जीभ व बोटे अवाढव्य आणि पाठ चिमुकली, असा जो विद्रूप पुतळा तयार होतो, त्याचे साम्य पेनफील्ड यांनी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठावर विद्युत्प्रवाहाने शोधलेल्या नकाशाशी असते. तो नकाशा मुलांना आधी दाखवू नये. पुतळा वाळल्यावर दाखवावा.

आता मावळाकडे वळू. पावसाळ्यात भाजे लेण्यांच्या पायथ्याशी व लोणावळ्याच्या परिसरात जे धबधबे वाहतात, ते मेंदूच्या अभ्यासाची उत्तम प्रयोगशाळा आहेत. १८३४ मध्येच रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी एक गोष्ट नोंदविली. पडत्या पाण्यातील एकाच जागी काही वेळ टक लावून मग शेजारच्या कातळाकडे पाहिले असता कातळ वर सरकताना दिसतो. सरकतो, आणि तरीही जागा सोडीत नाही. ही विसंगती मुलांना फार आवडते. गतीची जाणीव करून देणाऱ्या चेतापेशींत वर, खाली, उजवी, डावी अशा दिशांनुसार विभागणी असते. स्थिर वस्तू पाहताना परस्परविरुद्ध गटांचे पारडे समतोल असते. अर्धा-एक मिनिट खाली जाणारे पाणी पाहिल्याने खालच्या दिशेचा गट मंदावतो आणि पारडे वरच्या बाजूस झुकते. परंतु हे मंदावणे डोळ्यात घडते की मेंदूत? मूल याचा निर्णय स्वतः करू शकते. उजवा डोळा झाकून फक्त डाव्या डोळ्याने पाणी पाहावे. मग डावा झाकून उजव्याने कातळ पाहावा. ज्या डोळ्याने पाणी पाहिलेच नाही, त्यालाही कातळ सरकताना दिसतो, मात्र क्षीणपणे. दोन्ही डोळ्यांची माहिती जेथे एकत्र येते तेथे, म्हणजे मेंदूत, या परिणामाचा निदान काही भाग घडतो, हे त्यावरून सिद्ध होते. परिणाम किती सेकंद टिकला याची घड्याळावर नोंद केली, की दोन्ही रीतींची तुलना कोष्टकात मांडता येते. हे निरीक्षण रस्त्यावरून किंवा दूरच्या कट्ट्यावरून करावे. पाण्याच्या जवळ मुलांना नेऊ नये. भुशी धरणाजवळच्या धबधब्यात जून २०२४ मध्ये एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, हे शिक्षकांनी विसरता कामा नये. पाऊस नसेल तेव्हा फिरत्या चकतीवर काढलेले सर्पिल हेच काम करते.

कोरड्या दिवसांत लेणीच प्रदर्शन होतात. कार्ले किंवा भाजे येथे जाताना चढणीच्या अखेरच्या टप्प्यात मुलांनी एका डोळ्यावर दहा-पंधरा मिनिटे घट्ट पट्टी बांधावी व सावलीतील अंधाऱ्या कोठडीत शिरल्यावर ती सोडावी. उघड्या डोळ्याला जेथे काळोखच दिसतो, तेथे झाकलेल्या डोळ्याला भिंतीची कड, दाराची चौकट दिसू लागते. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून मूल एकाच खोलीत दोन वेगळे प्रकाश पाहते. बाहुली मोठी होणे हे याचे कारण अल्पांशानेच खरे. दृष्टिपटलातील शंकू आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात, शलाकांना अर्धा तास किंवा अधिक लागतो. प्रकाशाने विघटित झालेले रंगद्रव्य पुन्हा घडण्यास वेळ लागतो म्हणून हा विलंब. घाटातल्या बोगद्यांतून गाडी जाताना हा सराव कधीच पुरा होत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. भाजे येथील चैत्यगृहाचे खांब आतील बाजूस कललेले आहेत. आधीच्या लाकडी बांधणीचे ते अनुकरण होय. मुलांनी प्रथम नुसत्या डोळ्यांनी पाहून कल किती तो वहीत रेघ काढून दाखवावा, आणि मग खांबाला स्पर्श न करता दोरीचा ओळंबा समोर धरून पडताळावा. लेण्यातील सर्वच खांब कललेले असल्याने डोळ्याला उभी दिशा ठरविण्यास नेहमीचा आधार मिळत नाही. अंतःकर्ण आणि ओळंबा मात्र गुरुत्वाकर्षणाशी प्रामाणिक राहतात. कोणाची रेघ कितपत चुकली हे येथे गौण आहे. सर्वांच्या रेघा एकाच बाजूला चुकल्या काय, हे पाहणे महत्त्वाचे.

चवीच्या प्रयोगासाठी लोणावळ्यात साहित्याचा तोटा नाही. वेलदोडा घातलेली चिक्की कुटून तिची पूड करावी, म्हणजे दाताखालच्या कुरकुरीतपणावरून ओळख पटणार नाही. नाक चिमटीत धरून पूड तोंडात घेतली की फक्त गोडी लागते. नाक सोडताच वेलदोडा ‘जिभेवर’ प्रकट होतो. आपण ज्यास चव म्हणतो तिचा फार मोठा भाग घशाच्या मागून नाकात जाणारा गंध असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ आणि बिनवासाचा एखादा जाडा तांदूळ यांचा मऊ भात घेऊनही हाच प्रयोग होतो, व तो मावळातल्या मुलांना आपल्या शेताशी जोडून देतो. याच बैठकीत जिभेचा जुना नकाशाही तपासून पाहावा. टोकाशी गोड, मागे कडू, अशी वाटणी दाखविणारी आकृती १९०१ मधील एका जर्मन शोधनिबंधाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाली आणि कित्येक पुस्तकांत छापली गेली. कापसाच्या बोळ्याने साखरेचे पाणी जिभेच्या कडांना लावून मुले तिचे खंडन पाच मिनिटांत करतात. छापलेले वाक्य स्वतःच्या जिभेने खोडून काढण्याचा अनुभव दहाव्या वर्षी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. (ज्या शिक्षकाच्या हातात तेच पुस्तक असेल त्याची थोडी पंचाईत होते, पण ती व्हावयास हरकत नाही.)

लोणावळ्याच्या संदर्भात आणखी एका परंपरेचा निर्देश केला पाहिजे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले व ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीसारख्या क्रियांत शरीराच्या आत दाब किती उतरतो, हे त्यांनी दाबमापकाने मोजून पाहिले होते. शरीरांतर्गत अनुभूतींविषयी केवळ वर्णनावर न थांबता उपकरण लावावे, ही वृत्ती या गावात शंभर वर्षांपूर्वी होती. मुलांसाठी तिचे साधे रूप असे : नाडीला हात न लावता, केवळ आतून जाणवतील तेवढे हृदयाचे ठोके मुलाने अर्धा मिनिट मोजावेत आणि त्याच वेळी जोडीदाराने मनगटावर नाडी मोजावी. दोन आकड्यांतील तफावत पुष्कळांना थक्क करते.

हा सारा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. २०१० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातही ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाचे वर्ग निघाले. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याकडून कार्डांवरील अक्षरे व रंग ओळखवून घ्यावयाचे, आणि मध्यमेंदू जागृत झाल्याचा हा परिणाम म्हणून पालकांकडून मोठे शुल्क घ्यावयाचे, असा तो व्यवहार. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, तसेच मंगळूरचे नरेंद्र नायक यांनी या दाव्यांना जाहीर विरोध केला. यातील सर्वांत क्लेशदायक भाग पैशाचा नव्हे. नाकाच्या बाजूने खाली दिसते हे मुलास ठाऊक असते. तरी मोठ्यांच्या आनंदासाठी ते गप्प राहते, आणि स्वतःच्या इंद्रियांविषयी खोटे बोलण्याची सवय त्यास लागते. मेंदूचे नाव घेऊन मेंदूविषयीचे अज्ञान विकण्याचा हा प्रकार, ज्यांना अंधबिंदू मोजता येतो अशा मुलांच्या वर्गात टिकणे कठीण आहे.

म्हणून पट्टीचा प्रयोगही प्रदर्शनात असावा. दोघादोघांच्या जोडीने निरनिराळ्या पट्ट्या बांधून पाहाव्यात : रुमाल, जाड कापड, कापसाच्या घड्या घातलेली पट्टी. प्रत्येक वेळी कार्ड मांडीवर, छातीसमोर, डोळ्यांसमोर व कपाळाच्या वर धरून किती अक्षरे बरोबर येतात त्याची नोंद करावी. नाकाच्या उंचवट्यामुळे बहुतेक पट्ट्यांखाली फट राहते, आणि कार्ड मांडीवर असताना वाचन चांगले जमते. कार्ड कपाळाच्या वर नेले, की वाचन थांबते. फटीत कणकेची गोळी बसविली, की मांडीवरचे वाचनही थांबते.